शेवटी तोडायचा फीडर

गेल्या जुलैत मी चार दिवसांची रजा काढून कराडजवळच्या आजोळी गेले. छत्तिसाव्या वर्षी रक्तदाबाची गोळी सुरू झाली होती. डॉक्टरांनी गोळीबरोबर ताण कमी करायला सांगितलं होतं. गोळी मी रोज नेमाने घेत होते, पण ताणाचं काय करायचं ते सुचत नव्हतं. त्याच महिन्यात कंपनीत एक कार्यशाळा झाली होती. साठ शब्द छापलेला एक कागद मिळाला आणि त्यातली आपली पाच मूल्यं निवडायला सांगितलं. मी कुटुंब, प्रामाणिकपणा, आरोग्य, शिकत राहणं आणि स्वातंत्र्य या शब्दांवर खुणा केल्या आणि कागद पर्समध्ये ठेवला.

मामा तेहतीस वर्षं लाइनमन होते. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली, तरी पाऊस सुरू झाला की त्यांची नजर अजून खांबांकडे जाते. त्या संध्याकाळी आम्ही पडवीत बसलो होतो. मामी आत पोळ्या करत होती. मी तो कागद मामांना दाखवला. त्यांनी तो दोनदा वाचला आणि मांडीवर ठेवला.

मामा : हे पाच शब्द तू निवडलेस. मग बरं वाटलं का?

मी : थोडं वाटलं. आपल्याला काय महत्त्वाचं आहे हे माणसाला नीट ठाऊक असेल, तर त्याच्या जिवाला ताण कमी होतो, असं मला मनापासून वाटतं.

मामा : मला नाही वाटत. तारेतून पेलवेल त्यापेक्षा जास्त करंट गेला की तार तापते. तू सकाळी आठला कॅबमध्ये बसतेस आणि रात्री नऊला उतरतेस. घराचा हप्ता वीस वर्षांचा आहे. रविवारीसुद्धा साहेबाचा फोन उचलावा लागतो. माणूस तापणारच. अशा वेळी लोड कमी करायचा. ते सोडून तुम्हाला मूल्यं शोधायला बसवलं, म्हणजे तारेतच खोट आहे म्हणून सांगितल्यासारखं झालं.

मी : हे तुमचं खरं आहे, आणि त्याला पुरावाही आहे. लंडनमधल्या १०,३०८ सरकारी कर्मचाऱ्यांचा एक मोठा अभ्यास १९८५ मध्ये सुरू झाला. ज्यांच्या हातात स्वतःच्या कामाचं काहीच नसतं, काय करायचं, कधी, कसं हे सगळं वरून ठरतं, त्यांना हृदयविकाराचा धोका जास्त असतो, असं त्यात दिसलं. त्यामुळे ताण फक्त मनातून येतो असं मी म्हणणार नाही.

मामा : मग आपला वाद मिटला.

मी : नाही मिटला. तुम्हाला दोन रात्री सांगते. मार्चमध्ये आमचं एक मोठं रिलीज होतं. रुग्णालयांत वापरायचं सॉफ्टवेअर. आम्ही सात जण पहाटे चारपर्यंत जागलो, चुका शोधल्या, दुरुस्त करून घेतल्या. घरी आले तेव्हा पाय उचलत नव्हते, पण पडल्या पडल्या झोप लागली. मे महिन्यात दुसरं रिलीज झालं. त्या दिवशी मी सहा वाजता मोकळी झाले. पण तपासणीच्या अहवालात दोन भाग आम्ही तपासलेच नव्हते आणि वेळ नाही म्हणून त्यांच्यापुढे ‘तपासले’ असं लिहून माझी सही घेतली होती. त्यानंतरचे तीन आठवडे मी रोज रात्री तीनला जागी होत होते. लोड पहिल्या रात्री जास्त होता, मामा. झोप मात्र दुसऱ्या वेळच्या सहीने उडवली.

मामा काही वेळ बोलले नाहीत. पागोळ्यांचा आवाज येत राहिला.

मामा : सही करायला नको होती.

मी : नको होती. तेच म्हणतेय. माणूस मानतो एक आणि करतो दुसरं, तेव्हा त्याच्या आत ओढाताण सुरू होते. लिऑन फेस्टिंगर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५७ मध्ये हे मांडलं. त्यातली मला सगळ्यात टोचलेली गोष्ट ही, की ती ओढाताण मिटवायला माणूस दर वेळी वागणं बदलत नाही. झालेलं वागणं बदलता येत नाही, म्हणून तो मानणं बदलतो. मीही स्वतःला सांगितलं, सगळेच करतात, एवढ्याने काय होतंय. दिवसा ते पटायचं. रात्री तीनला पटायचं नाही.

मामा : बरं, एवढं मान्य. पण मग या यादीचा काय उपयोग झाला? प्रामाणिकपणावर खूण तू सहीच्या आधी केलीस की नंतर?

मी : नंतर.

मामा : बघ. ही यादी पुढ्यात ठेवली तर चोरसुद्धा प्रामाणिकपणावर खूण करेल. माणूस अशा कागदावर आपण कसे आहोत ते लिहीत नाही, आपण कसं दिसावं ते लिहितो. ‘आरोग्य’ लिहिलंस. शेवटची चालायला कधी गेली होतीस?

मी : फेब्रुवारीत.

मामा : मग आरोग्य हे तुझं मूल्य नाही. तुझी इच्छा आहे.

हा घाव नेमका बसला. रजेवर निघण्याआधी मी एक गोष्ट केली होती, ती त्यांना सांगितली. मागच्या तीन महिन्यांचं बँकेचं खातेपुस्तक आणि मोबाइलमधलं कॅलेंडर शेजारी शेजारी ठेवून मी वाचलं होतं. पैसे आणि तास कुठे गेले, एवढंच पाहायचं होतं.

मी : त्यात कुटुंब फार थोडं होतं. शिकत राहणं तर नव्हतंच, दोन अभ्यासक्रमांचे पैसे भरले होते आणि एकही उघडला नव्हता. सगळ्यात जास्त तास ज्या गोष्टीवर गेले होते, तिचं नाव यादीतल्या साठ शब्दांत नाही. कोणी नाराज होऊ नये, हे तिचं नाव. ज्या बैठकीत माझं काम नाही तिथेही मी जाते, कारण नाही म्हटलं तर बरं दिसणार नाही.

मामा : म्हणजे जमाखर्च खरं बोलला आणि यादी खोटं.

मी : मलाही आधी तसंच वाटलं. पण जमाखर्चात फक्त सवयी दिसतात. आपल्याला काय खुपतं, ते त्यात दिसत नाही. म्हणून मी तिसरी गोष्ट पाहिली. कुठे राग आला, कुठे लाज वाटली, कोणाचा हेवा वाटला. माझ्या वर्गातल्या एका मैत्रिणीने परदेशात घर घेतलं, त्याचा हेवा नाही वाटला. दुसरी संध्याकाळी साडेपाचला लेकीला पोहायला घेऊन जाते, ते ऐकून दिवसभर मन लागलं नाही. यादीत ‘कुटुंब’ हा गुळगुळीत शब्द आहे. माझं मूल्य त्याहून नेमकं निघालं. लेक शाळेतून येते तेव्हा तिच्या दिवसातलं काहीतरी मला तिच्याच तोंडून ऐकायचं आहे. झोपलेल्या लेकीच्या अंगावर पांघरूण घालून ती भूक भागत नाही.

मामा : हे मला कळतंय. आमच्याकडे नवा पोरगा भरती झाला की मी त्याच्या तोंडच्या गोष्टी ऐकायचो नाही. जेवणाच्या ताटावरून तो कोणत्या फोनला उठतो ते बघायचो. पाणीपुरवठ्याच्या फोनला उठला तर पोरगा कामाचा.

मी : मग तुम्हीही हेच करत होतात.

मामा : मी माणूस पारखत होतो. ताण कमी करत नव्हतो. आता माझं खरं म्हणणं ऐक. मूल्यं कळली की ताण कमी होतो, हेच मला उलटं वाटतं. रघुनाथराव कर्व्यांचं बघ. संततिनियमनाचा प्रचार केला म्हणून प्राध्यापकी गेली. १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढलं आणि १९५३ मध्ये जाईपर्यंत चालवलं. पदरचे पैसे घातले. अश्लीलतेचे खटले झाले, एका खटल्यात तर बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील होते. लोकांनी नावं ठेवली ती वेगळीच. त्या माणसाला आपली मूल्यं चांगली ठाऊक होती. ताण कमी झाला का त्याचा? गप्प बसले असते तर पेन्शन घेऊन सुखाने जगले असते.

याला माझ्याकडे पटकन उत्तर नव्हतं. मी त्यांनाच विचारलं.

मी : तुमची बदली झाली होती ना एकदा, मी शाळेत असताना? आई सांगायची, मामा खांबावर चढले नाहीत म्हणून.

मामा : परमिट नव्हतं. सबस्टेशनमधून लाइन बंद केल्याचं परमिट हातात आल्याशिवाय आणि तारेला अर्थिंग केल्याशिवाय मी चढत नव्हतो. त्या दिवशी वर कोणाचा तरी कार्यक्रम होता. साहेब म्हणाले, लाइन बंदच आहे, मी सांगतोय ना, चढ. मी नाही चढलो. माझ्याबरोबर शिकलेला एक जण तसाच चढून गेला होता, खाली जिवंत आला नाही. तीन महिन्यांत माझी बदली झाली, घरापासून सव्वाशे किलोमीटरवर. दोन वर्षं तिथे एका खोलीत काढली.

मी : त्या दोन वर्षांत झोप लागायची?

मामा : लागायची की. त्रास पुष्कळ झाला. हाताने करून खायचं, पगार दोन ठिकाणी वाटायचा, तुझा मामेभाऊ तेव्हा लहान होता. पण घोर नव्हता.

मी : मामा, तुम्ही आत्ता काय म्हणालात?

मामा : त्रास होता, घोर नव्हता.

मी : हेच मला तासभर सांगता येत नव्हतं. आपण दोन्हीला ताण म्हणतो, पण या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. त्रास अंगावर येतो, पैशावर येतो, लोकांच्या बोलण्यातून येतो. घोर आतून लागतो, आपण आपल्याशी वाकडं वागलो की. कर्व्यांचा त्रास गप्प बसून वाचला असता. पण गप्प बसल्यावर त्यांच्यासारख्या माणसाला जो घोर लागला असता, तो पेन्शनने भागला असता का? मूल्यं ओळखून त्रास कमी होईल असं वचन मी देणार नाही. कधी वाढेलही. कमी होतो तो घोर.

मामांनी मान हलवली, पण ते पूर्ण वळले नव्हते.

मामा : एक सांग. आतलं आत ठाऊक असलं तर पुरत नाही का? मुद्दाम बसून विचार कशाला करायचा?

मी : अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठात एक प्रयोग झाला, २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. ८५ जण होते. त्यांच्यातल्या काहींना आपल्याला सगळ्यात महत्त्वाच्या वाटणाऱ्या मूल्याविषयी थोडा वेळ विचार करायला लावला आणि बाकीच्यांना आपल्या लेखी फारशा महत्त्वाच्या नसलेल्या मूल्याविषयी. मग सगळ्यांना परीक्षकांसमोर भाषण करायला लावलं आणि मोठ्याने उलटी गणितं करायला लावली. अशा वेळी शरीरात कॉर्टिसॉल नावाचं संप्रेरक वाढतं. ज्यांनी आपल्या मूल्यावर मन लावलं होतं, त्यांच्यात ते कमी वाढलं.

मामा : थोड्याशा विचाराने?

मी : थोड्याशा विचाराने, आणि थोड्याच वेळापुरतं. त्याने माझा हप्ता फिटणार नाही, साहेबही बदलणार नाही. मला त्याचा अर्थ असा लागतो, की समोरचा परीक्षक म्हणजेच आपलं सगळं आयुष्य नाही, ही आठवण शरीरालाही कळते.

मामा : ठीक. पण या पाचांतले दोन एकमेकांना भिडले की मग? लेकीला वेळ द्यायचा आणि नोकरीही टिकवायची. खरं बोलायचं आणि टीममधल्या पोरांची नोकरीही सांभाळायची. तुझा कागद तिथे गप्प आहे.

मी : गप्प आहे, कारण त्यात क्रम नाही. मिल्टन रोकीच या मानसशास्त्रज्ञाने १९७३ च्या पुस्तकात १८ आणि १८ अशा दोन याद्या दिल्या, पण तो लोकांना नुसत्या खुणा करू देत नव्हता. एक ते अठरा क्रम लावायला सांगायचा. पुढे शालोम श्वार्ट्झ याने १९९२ मध्ये दहा मूल्यं एका वर्तुळात मांडली. शेजारची मूल्यं एकमेकांना धरून चालतात, समोरासमोरची ओढत राहतात. सुरक्षितपणा आणि मनासारखं वागणं एकाच वेळी पूर्ण मिळत नाहीत. कोणालाच.

मामा : म्हणजे लोडशेडिंग.

मी : कसं?

मामा पुढे सरकले. कागद उलटा केला आणि माझ्याकडून पेन मागून घेतलं.

मामा : बघ. विजेची मागणी जास्त आणि निर्मिती कमी झाली, की फ्रिक्वेन्सी पन्नासच्या खाली घसरते. तेव्हा काहीतरी तोडावंच लागतं. सगळ्यांना थोडी थोडी वीज देता येत नाही. तोडलं नाही तर सगळंच कोसळतं. ३० आणि ३१ जुलै २०१२ ला उत्तरेत तेच झालं, दुसऱ्या दिवशी तर पूर्वेकडची राज्यंही धरून साठ कोटी लोक अंधारात होते. म्हणून सबस्टेशनमध्ये आधी ठरलेलं असतं. हा फीडर, म्हणजे एका भागाला वीज नेणारी लाइन, पहिल्यांदा तोडायचा, हा नंतर, आणि दवाखान्याचा, पाण्याचा फीडर अगदी शेवटी. ऐन वेळी विचार करायला कोणाला सवड नसते.

मी : आणि ठरलेलं नसलं तर?

मामा : तर ज्याचा फोन जोरात येतो त्याची लाइन राहते. जो ओरडत नाही त्याची जाते.

पोळी लाटण्याचा आवाज आत चालू होता. मला एकदम माझी लेक आठवली. ती कधीच ओरडत नाही. “आई, उद्या सांगते,” म्हणून झोपून जाते. तीन महिन्यांच्या कॅलेंडरमध्ये सगळ्यात जास्त वेळा मी तिचा फीडर तोडला होता, कारण तिच्याकडून तक्रार आली नव्हती. मला वाटायचं, मी कुटुंबाला महत्त्व देत नाही म्हणून हे होतं. तसं नव्हतं. तुटवडा होता आणि क्रम ठरवलेला नव्हता.

मी : मामा, माझा तुमच्याशी वाद होता की ताण लोडमुळे येतो की मूल्यं न कळल्यामुळे. लोड तुम्ही म्हणता तसा खराच आहे. पण तुटवड्यात कोणाला तोडायचं, हे माझ्या जागी दुसरंच कोणी ठरवतंय, त्याने घोर लागतो.

मामा : माझंही थोडं ऐक. क्रम लावलास म्हणून लोड कमी झाला असं समजू नकोस. तारही बदलावी लागते. जादा काम नाकारणं, दोघी-तिघींनी मिळून साहेबाशी बोलणं, हेही करायचं. नाहीतर दर वर्षी तू फक्त कापाकापीच करत बसशील. आणि ज्यांच्याकडे तोडायला काहीच नसतं, त्यांना हे शहाणपण सांगू नये. तुझ्या आईला कोणी विचारलं होतं तिची मूल्यं काय म्हणून?

मी : नाही विचारलं. पण आईकडे क्रम होता. ती रात्री दोनपर्यंत ब्लाउज शिवायची. सणाच्या दिवसांत उरलेल्या कापडाच्या पट्ट्या ठेवून घेतल्या असत्या, तर माझं एक परकर-पोलकं निघालं असतं. शेजारची शिवणारी ठेवायची. आई प्रत्येक गिऱ्हाइकाला चिंधीसुद्धा पुडीत बांधून परत द्यायची. हप्ता, भाडं, माझी फी, यातलं काहीच तिच्या हातात नव्हतं. पुडी तिच्या हातात होती.

मामांनी डोळे पुसले. आई त्यांची धाकटी बहीण.

मग आम्ही कागदाच्या मागच्या बाजूला माझे फीडर लिहिले. सगळ्यात आधी तोडायचे ते वर लिहिले: मला न लागणाऱ्या बैठका, शनिवारची दोन मंडळं, रात्री दहानंतर आलेल्या निरोपांना लगेच उत्तर. त्याखाली नोकरीतली बढती. ती लिहिताना हात थांबला, कारण ती मला हवी आहे. पण लेकीच्या संध्याकाळींपेक्षा आधी तुटेल एवढं मी ठरवलं, आणि त्याचं दुःखही होईल हे मान्य केलं. अगदी खाली, शेवटी तोडायच्या दोन ओळी राहिल्या. आठवड्यातल्या तीन संध्याकाळी साडेसहाला घरी. आणि जे तपासलं नाही त्यापुढे ‘तपासलं नाही’ असंच लिहायचं. ‘प्रामाणिकपणा’ हा शब्द मी तिथे लिहिला नाही. या वाक्याची परीक्षा दर रिलीजला होणार आहे, त्या शब्दाची कधीच झाली नसती.

मामा म्हणाले, “वारी पंढरपूरला पोचली की संपते. वारकरी असणं संपत नाही. तसं हे. एकदा साडेसहाला आलीस म्हणून झालं असं नाही.”

तेवढ्यात त्यांचा मोबाइल वाजला. वरच्या आळीतल्या कोणाच्या तरी विहिरीवरच्या मोटरचा स्टार्टर पकडत नव्हता. निवृत्तीनंतर असे फोन मामांना रोज येतात आणि ते कोणालाच नाही म्हणत नाहीत. ते चपला पायात सरकवत होते. आतून मामी म्हणाली, “अहो, टॉर्च घ्या. पायरी ओली आहे, मला काही दिसत नाही नीट.”

मामा उंबऱ्याजवळ थांबले. मामीच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख दोनदा पुढे गेली होती. एकदा कोणाची मोटर जळाली म्हणून आणि एकदा गावच्या यात्रेची लायटिंग होती म्हणून. मामी दोन्ही वेळा “असू दे, पुढच्या महिन्यात जाऊ” एवढंच म्हणाली होती.

त्यांनी माझ्या हातातल्या कागदाकडे पाहिलं, मग मामीकडे. फोन परत कानाला लावून ते म्हणाले, “आत्ता नाही जमणार रे. उद्या दहाला येतो. आणि सोमवारी मला बोलावू नकोस. सोमवारी आम्हाला दोघांना दवाखान्यात जायचंय.”

मग ते चपला काढून आत गेले आणि मामीच्या शेजारी पाटावर बसले.